सासूबाईंची निवृत्ती आणि एक अर्धी कोरी वही

शाळा सुरू होण्याचा तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. मागच्या वर्षीचा जून. रात्रभर पाऊस पडून सकाळी जरा उघडीप झाली होती. माझी नेहमीची धांदल चालली होती. ह्यांचा डबा, चिरंजीवांचा डबा, माझा डबा. आम्ही राहतो बदलापूरजवळ खरवईला. इथून स्टेशन गाठायचं आणि पुढे मुंबईपर्यंत दीड तासाची लोकल, त्यामुळे सकाळी घड्याळाचा काटा आमच्या मानगुटीवरच बसलेला असतो. पोळ्या लाटता लाटता सहज बाहेर पाहिलं, तर सासूबाई दाराजवळच्या खुर्चीत बसलेल्या. इस्त्रीची साडी, अंबाडा नीटनेटका, मांडीवर पर्स.

"आई, कुठं निघालात?" मी विचारलं.

त्या दचकल्या. "कुठं नाही गं. सवयीनं नेसले," म्हणाल्या आणि पर्स कपाटात ठेवायला आत गेल्या.

३१ मे रोजी त्या निवृत्त झाल्या होत्या. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून ३७ वर्षं नोकरी. निरोपाच्या समारंभात शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ज्या माणसाला आता कुठेही वेळेवर पोचायचं नाही, त्याला घड्याळ का देतात हे कोडं मला अजून उलगडलेलं नाही!

मैत्रिणींनो, निवृत्तीबद्दल आपण बोलतो ते बहुधा पुरुषांच्या. 'हे रिटायर झाले आणि दिवसभर स्वयंपाकघरात लुडबुडायला लागले' ही तक्रार आपण शेजारणीकडून ऐकलेली असते. पण आता शिक्षिका, परिचारिका, बँकेत आणि कचेऱ्यांत नोकरी केलेल्या बायका घरोघरी निवृत्त होत आहेत. बाई निवृत्त झाली की सगळ्यांना वाटतं, हिला काय, घर आहेच की! मलाही तसंच वाटलं होतं. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला होता. मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. आमचा मुलगा तिसरीत. तो शाळेतून आला की घरी कुणीतरी हवं. आता आई घरी असतील, माझी काळजी मिटली, असा माझा सरळ हिशेब होता. त्या हिशेबात आईंचा दिवस कसा जाईल, हे कलम मी धरलंच नव्हतं.

लाल पेनाचे दिवस

पहिल्या महिन्यात आमच्या घराची शाळा झाली. मी फ्रिजवर वाणसामानाची यादी लावली होती. संध्याकाळी पाहते तो 'कोथिंबिर'वर लाल पेनानं खूण आणि शेजारी सुवाच्य अक्षरात 'कोथिंबीर'. मी हसले. मग नातवाच्या वह्या. मग माझ्या वर्गाच्या तपासलेल्या वह्या त्यांनी पुन्हा तपासल्या. मग डाळीला फोडणी, कपड्यांच्या घड्या, कामवाल्या ताईंची वेळ. प्रत्येक ठिकाणी एक लाल खूण.

एके दिवशी माझ्या दोन मैत्रिणी आल्या होत्या. मी पोहे करत होते आणि आई शेजारी उभ्या राहून पोहे किती भिजवावेत ते सांगत होत्या. माझा तोल गेला. "आई, तुमच्या वर्गात चाळीस पोरं होती. इथं मी एकटी आहे. ही शाळा नाही!"

त्या काहीच बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून सगळं बदललं. लाल पेन दिसेनासं झालं. आई सांगितलं तेवढंच करायच्या. नातू आला की त्याला वाढायचं, दाराला कडी लावायची, खुर्चीत बसायचं. टीव्ही लावलेला असला तर बघायच्या, बंद असला तर लावायच्या नाहीत. जेवण कमी झालं. रात्री दोन-दोन वाजता त्यांच्या खोलीतला दिवा दिसायचा.

आणि हे एकदा म्हणाले, "आई किती शांत झाली आहे ना आता?"

माझ्या काळजात चर्र झालं. ते शांत होणं नव्हतं, ते गप्प होणं होतं आणि ते माझ्यामुळे झालं होतं. घरात कुणी गप्प बसलं की आपल्याला बरं वाटतं, कारण आपलं काम सुरळीत चालतं. म्हणून या दोहोंतला फरक आपल्या लवकर लक्षात येत नाही.

डॉक्टरांना दाखवलं. रक्तदाब थोडा वाढलेला, बाकी सगळं ठीक. "त्यांना कशात तरी गुंतवून ठेवा," डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर मी आणि ह्यांनी यादीच केली. भजनी मंडळ, शिकवण्या, सोसायटीतलं हळदीकुंकू, योगासनांचा वर्ग. आईंनी यादी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "मला गुंतवून ठेवू नका. आजारी वर्गशिक्षकाच्या वर्गावर पोरांना गप्प बसवायला कुणालाही पाठवतात ना, तसं वाटतं मला ते. वेळ जातो, पण त्यात शिकणं-शिकवणं काही होत नाही."

मला उत्तर सुचलं नाही.

बेळगावच्या बाई आणि कोसबाडच्या ताई

१५ ऑक्टोबरला शाळांतून वाचन प्रेरणा दिन असतो. त्या दिवशी मला मोठ्या वर्गातल्या मुलींपुढे एखाद्या कवयित्रीबद्दल दहा मिनिटं बोलायचं होतं. मी इंदिरा संतांना निवडलं. कविता पाठ्यपुस्तकातून माहीत होत्या, पण त्यांचं आयुष्य सालवार मांडून मी कधी पाहिलं नव्हतं. टिपण काढता काढता मी थबकले, कारण ही एका शिक्षिकेची कथा होती.

इंदिराबाईंचा जन्म १९१४ चा. फर्ग्युसन कॉलेजात असताना ना. मा. संतांशी ओळख झाली आणि पुढे लग्न. दोघंही लिहिणारी. १९४० मध्ये दोघांच्या कवितांचा मिळून 'सहवास' हा संग्रह निघाला. आणि १९४६ मध्ये संत गेले. इंदिराबाई तेव्हा ३२ वर्षांच्या, पदरात तीन मुलं. बेळगावला ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी शिकवलं, पुढे तिथल्या प्राचार्या झाल्या. म्हणजे शिक्षिकांना घडवणाऱ्या शिक्षिका. घर, मुलं, नोकरी यांतून वेळ काढून कविता. 'शेला' १९५१ मध्ये, 'मेंदी' १९५५ मध्ये, 'मृगजळ' १९५७ मध्ये, 'रंगबावरी' १९६४ मध्ये.

पण मी थबकले ती पुढच्या सालांपाशी. 'गर्भरेशीम' आला १९८२ मध्ये, म्हणजे वयाच्या ६८ व्या वर्षी आणि त्यालाच १९८४ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९९२ च्या कोल्हापूरच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्या हरल्या. मराठी वाचकांना तो पराभव फार लागला, त्यावर कितीतरी लिहिलं-बोललं गेलं. एखादी पंचाहत्तरी ओलांडलेली बाई म्हणाली असती, पुरे झालं. पण १९९५ मध्ये त्यांना जनस्थान पुरस्कार मिळाला आणि १९९६ मध्ये, ८२ व्या वर्षी त्यांनी 'मालनगाथा' हे पुस्तक दिलं. तेही कवितांचं नव्हे, तर खेडोपाडीच्या बायकांनी दळता-कांडताना रचलेल्या ओव्यांवरचं. २००० मध्ये त्या गेल्या.

त्या संध्याकाळी चहाच्या वेळी मी हे टिपण आईंना वाचून दाखवलं. मनात म्हटलं, शिक्षिकेची गोष्ट आहे, आवडेल. त्या ऐकून म्हणाल्या, "छान लिहिलंस. पण त्या इंदिरा संत होत्या. मी चौथीला भागाकार शिकवत होते."

बरोबरच होतं त्यांचं. आपण निवृत्त माणसांना मोठ्यांची उदाहरणं देतो, त्यानं त्यांना धीर येण्याऐवजी आपण किती लहान आहोत हेच जाणवतं. तरी मी नेट धरला. म्हटलं, "बरं, मग अनुताई वाघ? त्या तर आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या." (कोसबाड आता पालघर जिल्ह्यात मोडतं. २०१४ मध्ये जिल्हा वेगळा झाला. पण आईंच्या डोक्यात अजून सगळा ठाणे जिल्हाच आहे.)

अनुताईंचं नाव काढल्यावर त्या जरा सावरून बसल्या. प्राथमिक शिक्षिकेला ते नाव घरचं वाटतं. लहानपणीच लग्न आणि तेराव्या वर्षी वैधव्य आलेली ही मुलगी शिकून शिक्षिका झाली आणि १९४५ मध्ये ताराबाई मोडकांच्या हाताखाली काम करायला बोर्डीला गेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाड्या, अंगणवाड्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, गुरं चारायला जातात तर कुरणातच शाळा भरवायची. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या, तेव्हा अनुताई ६३ वर्षांच्या होत्या. सरकारी नोकरीत असत्या तर निवृत्त होऊन पाच वर्षं झाली असती. त्यांनी पुढची जवळजवळ वीस वर्षं, १९९२ मध्ये जाईपर्यंत, ते काम चालवलं.

"त्यांचं पुस्तक मी वाचलंय, 'कोसबाडच्या टेकडीवरून'," आई म्हणाल्या. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "ते इंदिराबाईंचं शेवटचं काय म्हणालीस? ओव्यांचं?"

"मालनगाथा."

"हं," एवढंच म्हणून त्या उठल्या.

अर्धी कोरी वही

रात्री नऊच्या सुमारास त्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "एखादी वही आहे का गं?" चिरंजीवांची दुसरीतली एक वही होती, पुढच्या पानांवर पाढे, मागची पानं कोरी. ती दिली. सकाळी पाहिलं तर मागच्या पानांवर अकरा ओव्या. आईंच्या आईच्या. कोकणातल्या त्यांच्या माहेरी पहाटे जात्यावर म्हटलेल्या. काही ठिकाणी ओळ सुटलेली, तिथं जागा मोकळी सोडलेली आणि तिच्या कडेला लाल पेनानं बारीकसं प्रश्नचिन्ह. लाल पेन कपाटातून बाहेर आलेलं पाहून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

ती मोकळी जागा त्यांना स्वस्थ बसू देईना. मामेबहिणीला फोन झाले, आत्याला फोन झाले. आणि मग त्या एके दुपारी आमच्या बिल्डिंगपासून थोड्या अंतरावरच्या जुन्या गावठाणात गेल्या. खरवई तशी दोन तुकड्यांची आहे. एकीकडे नव्या इमारती आणि कारखान्यांची वसाहत, दुसरीकडे जुनं गाव, घरांपुढे अंगण, दारात एखादं जांभळाचं नाहीतर शेवग्याचं झाड. नव्या वस्तीतली आम्ही माणसं गावातून रिक्षानं जातो-येतो, पण थांबत नाही. मी इथं इतकी वर्षं राहते, मला तिथलं एकही घर आतून ठाऊक नव्हतं.

तिथं एक आजी आहेत, ऐंशीच्या पुढच्या. आगरी समाजातल्या. शाळेत कधी गेल्या नाहीत. या भागातल्या आगरी लग्नांत धवळे म्हणायची पद्धत आहे. हळदीपासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं आणि ते म्हणणाऱ्या जाणत्या बाईला धवलारीण म्हणतात. 'धवळे' हा शब्द किती जुना! तेराव्या शतकातल्या महानुभाव पंथाच्या महदंबेनं रुक्मिणी-कृष्णाच्या लग्नावर धवळे रचले आणि तिला मराठीतली आद्य कवयित्री म्हणतात, हे मी बी.ए.ला पाठ केलं होतं. परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण तोच शब्द माझ्या घरापासून पाच मिनिटांवर जिवंत आहे, हे मला माझ्या सासूबाईंनी शिकवलं.

आजींना आईंची ओव्यांतली ओळ माहीत नव्हती. पण त्यांच्याकडे त्यांच्या स्वतःच्या ओव्या आणि धवळे भरपूर होते. आई लिहून घ्यायला लागल्या. पहिल्याच दिवशी ओरडा खाऊन आल्या! आजींच्या बोलीतला एक शब्द आईंनी वहीत 'शुद्ध' करून लिहिला आणि परत वाचून दाखवला. आजी म्हणाल्या, असं आम्ही म्हणतच नाही गो बाय, खोड ते. ३७ वर्षं दुसऱ्यांची शुद्धलेखनं तपासणाऱ्या आमच्या आईंनी स्वतःचा शब्द खोडला.

घरी येऊन हसत सांगत होत्या. मग जरा गंभीर होऊन म्हणाल्या, "सदतीस वर्षं मी पोरांना प्रश्न विचारले. सगळ्यांची उत्तरं मला आधीच माहीत होती. आता पहिल्यांदा असा प्रश्न विचारते आहे की ज्याचं उत्तर मला येत नाही. फार बरं वाटतं गं."

पुन्हा पुन्हा तेच का सांगतात?

या निमित्तानं मी थोडं वाचन केलं, ते इथं सांगते, कारण ते प्रत्येकीच्या उपयोगाचं आहे. म्हातारी माणसं तेच तेच जुनं सांगतात, याला आपण विसराळूपणा किंवा कटकट समजतो. रॉबर्ट बटलर नावाच्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९६३ मध्येच लिहून ठेवलं आहे की, उतारवयात मागच्या आयुष्याकडे वळून बघणं, घडलेलं पुन्हा चाळणं हा आजार नाही. मन आपल्या आयुष्याचा ताळा करत असतं. तो ताळा नीट जमला तर माणसाला शांतता लाभते. जमला नाही तर पश्चात्ताप आणि खंत वाढू शकते. म्हणजे ऐकणारं कुणीतरी हवं.

दुसरं असं की, वय झालं की बुद्धी सगळ्या बाजूंनी सारखी उतरत नाही. झटपट आकडेमोड, नवं यंत्र पटकन हाताळणं यांचा वेग कमी होतो हे खरं. पण शब्दसंपत्ती, अनुभवातून आलेली पारख ही पुष्कळ वर्षं टिकते. आईंना मोबाईलवर बिल भरायला अजून मी लागते. पण ओवीतला एखादा शब्द बसत नाही हे त्यांच्या कानाला माझ्याआधी कळतं. लग्नानंतर नवऱ्याकडून लिहावाचायला शिकलेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ मध्ये आला, तेव्हा त्या ६६ वर्षांच्या होत्या. इतकी ताजी, बोलकी मराठी त्यांना त्या वयातच कशी साधली, याचं उत्तर बहुधा इथंच असावं.

आणि आपल्या आई-आजीच्या ओव्यांना किंमत काय, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. घरोघरी पिठाच्या गिरण्या आल्या, जाती अडगळीत गेली आणि पहाटेचं गाणं थांबलं. ज्यांना त्या ओव्या तोंडपाठ आहेत त्या बायका आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत. त्यांच्याबरोबर त्या जाणार.

किंमत कुणी मोजायची?

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, वा, प्रश्न सुटला! तसं नाही. खरी परीक्षा पुढेच होती.

दिवाळीनंतर आई म्हणाल्या, "मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मला आजींकडे जायचंय. त्या दिवसांत त्यांची सून घरी असते, दोघी मिळून आठवतात." नेमकी मंगळवार-शुक्रवार दुपारीच माझी तासिका आणि नातू घरी यायची वेळ. मी म्हणाले, "सकाळी जा ना, आई." सकाळी आजींना देवपूजा, आंघोळ, उन्हात बसणं. ह्यांनी तोडगा काढला, "आई, रविवारी जात जा." आई 'बरं' म्हणाल्या. तोच जुना 'बरं'. तो ऐकल्यावर मला ती खुर्ची, बंद टीव्ही आणि रात्री दोनचा दिवा आठवला.

त्या रात्री मी माझ्याशीच भांडले. मी नोकरी करते ती पैशासाठी, हे खरं. पण तेवढ्यासाठीच नाही. वर्गात उभी राहिले की मला माझं काहीतरी आहे असं वाटतं. आणि माझं ते 'काहीतरी' टिकावं म्हणून मी त्यांचं 'काहीतरी' बंद करत होते. त्यांनी तर आपलं सगळं घरदार सांभाळून ३७ वर्षं नोकरी केली होती. तेव्हा त्यांना सांभाळायला कुणी सासू घरी नव्हती, ह्यांना शेजारी ठेवून त्या जात.

मी शाळेत बोलून शुक्रवारची तासिका सोडली. महिन्याच्या पगारात तेवढी तूट आली, ती मला जाणवते, खोटं कशाला सांगू. मंगळवारी शेजारच्या वहिनी मुलाला बघतात आणि बदल्यात मी त्यांच्या मुलीचं मराठी घेते. ह्यांना सुरुवातीला हे पटलं नाही. "ओव्यांसाठी पगार सोडतेस?" म्हणाले. मी म्हटलं, "तुमच्या आईसाठी सोडते." त्यावर ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या रविवारी आईंच्या खोलीत खिडकीशी टेबल आणि वर चांगला दिवा त्यांनी स्वतः बसवून दिला.

आई काही साध्वी झालेल्या नाहीत बरं का! फोडणीबद्दल अजून बोलतात. गुडघे दुखले की चिडतात. डोळ्यांत मोतीबिंदू वाढतो आहे, तो काढायचा आहे आणि त्याची त्यांना धास्ती आहे. त्या एकदा म्हणाल्या, "म्हातारपणाची भीती वाटते ती मरणाची नाही गं. आपल्यावाचून कुणाचं काही अडत नाही याची वाटते. वही असली की वाटतं, हे एवढं तरी माझ्यावाचून अडलंय."

अनुभवातून चार गोष्टी

तुमच्या घरात कुणी निवृत्त झालं असेल किंवा होणार असेल, तर माझ्या चुकांमधून शिकलेलं सांगते.

पहिली गोष्ट, सुरुवातीचे दोन-चार महिने कठीण जाणार हे धरून चाला. सवय मोडताना माणूस घरात 'साहेबगिरी' करतो. तेव्हा तोडून बोलू नका. मी बोलले, त्याची भरपाई करायला चार महिने लागले.

दुसरी, तुम्ही यादी करून त्यांच्यापुढे ठेवू नका. काय करावंसं वाटतं ते त्यांच्या बोलण्यात येतं. तिथं कान द्या. भरतकाम असेल, बागेतली चार कुंड्या असतील, पत्रं लिहिणं असेल, जुन्या पदार्थांच्या कृती असतील. 'याचा उपयोग काय' हा प्रश्न विचारू नका.

तिसरी, त्यांना घरात एक जागा द्या. कोपरा चालेल, पण तिथल्या वस्तू दुसऱ्या कुणी हलवायच्या नाहीत. उजेड भरपूर हवा, खुर्ची पाठीला टेकता येईल अशी हवी. चष्म्याचा नंबर वेळच्या वेळी तपासून घ्या. पुष्कळदा 'मन लागत नाही' यामागे नीट दिसत नाही एवढंच कारण असतं. झोप, जेवण फार दिवस उडालं असेल तर मात्र डॉक्टरांकडे न्यायचा आळस करू नका.

चौथी, नातवंडं सांभाळणं ही त्यांची आवड असू शकते, पण ती त्यांची नोकरी नाही. वेळ ठरवून घ्या आणि त्यांच्या सुट्टीचे दिवसही ठरवा. त्यांचं पेन्शन त्यांनी कशावर खर्च करावं हेही त्यांनाच ठरवू द्या.

आणि तीच गोष्ट दहाव्यांदा सांगायला लागल्या तर 'हे सांगितलंत मागे' असं म्हणण्याऐवजी एक नवा प्रश्न विचारून बघा. 'तेव्हा घरात आणखी कोण होतं?' एवढा साधा प्रश्न. गोष्ट तीच राहते, पण तिला एक नवी खोली उघडते. मी हे रोज करून बघते आहे.

प्रश्नचिन्हं अजून आहेत

आता वह्या तीन झाल्या आहेत. दुसरी आणि तिसरी आईंनी स्वतः दुकानातून आणली. पहिली मात्र तीच, पुढे पाढे आणि मागे ओव्या. चिरंजीवांना वाटतं, आजी आणि तो मिळून ती वही लिहितात. पहिल्या दिवशीची सुटलेली ओळ अजून मिळालेली नाही. मामेबहिणीला आठवत नाही, आत्या आता राहिल्या नाहीत. मी म्हटलं, "आई, तुम्हीच एक ओळ रचून घाला की."

त्यांनी बराच वेळ विचार केला. म्हणाल्या, "रचली आहे. पण ती वेगळ्या पानावर लिहिली आहे. आईची जागा मोकळीच राहू दे."

म्हणजे आमच्या सासूबाईंनी वयाच्या ५९ व्या वर्षी आयुष्यातली पहिली ओळ रचली आहे! ती अजून कुणाला दाखवलेली नाही, मलाही नाही. मी मागितलीही नाही. कधीतरी चहाच्या वेळी त्याच वाचून दाखवतील.

आज दुपारी कामं आटोपली की तुम्हीही एवढं करा. घरात सासू असेल, आई असेल, शेजारची एखादी आजी असेल, तिच्याशेजारी जाऊन बसा आणि ज्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक नाही असा एक प्रश्न तिला विचारा. वही मात्र जवळ ठेवा. अर्धी कोरी असली तरी चालेल.